ट्रंकेवरची लढाई

मलकापूरच्या बसथांब्यावर रजेवर आलेले दोन जवान ट्रंकेवर नकाशा पसरून लढाई खेळत होते. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं, घरांत तोफा-छावण्यांच्या सोंगट्या. हरणाऱ्यानं ट्रंक डोक्यावरून घरी न्यायची. शेजारी बसलेल्या रुखमाबाई आपली बस विसरून पाहत होत्या.

"इंद्रभान, पुढच्या डावात माही तोफ तुही छावणी उडवते."

"कशी बे कारभारी? मधात टेकडी हाय. तुह्या तोफेले छावणी दिसनच कशी?"

"मावशी, एक दोरा द्या बरं."

रुखमाबाईंनी पदराच्या दशांतला दोरा दिला. कारभारीनं तो तोफेपासून छावणीपर्यंत ताणला.

"पाह्य, टेकडीले शिवला तरी का? दिसते का नाई?"

"दिसते बाप्पा. पन आता डाव माहा हाय. अन् छावणीतल्या तीन तोफांले तूबी दिसून राह्यला."

"...मावशी, दोरा जरा ढिलाच होता, नाई?"

"ताणूनच धरला होता, बाबू. उचल ट्रंक."