नागमोडी रेघा

नाही, तिथे नाही – खालची फाईल, सेटिंग्जची. हां, तीच. आता कोडच्या ओळींखाली सगळीकडे लाल नागमोडी रेघा दिसतायत ना? घाबरू नका, कोडमध्ये काही चुकलेलं नाही. तुमचा लॅपटॉप नवा, म्हणून त्यावरच्या कोड लिहायच्या एडिटरला वाटतंय आपण या लॅपटॉपसाठीच प्रोग्रॅम लिहितोय – त्याला कुणी सांगितलंच नाही की प्रोग्रॅम समोरच्या बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपसाठी आहे. मग सांगायचं. कोड चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुठे ठेवलाय तो पत्ता घाला, चिपचं नाव घाला, चिपची माहिती असलेल्या हेडर फायलींचं फोल्डर दाखवा. कंटाळवाणं काम आहे, पण ते करा. रेघा नुसत्या बंद करून टाकू नका. इथे एकदा तसं झालंय.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते मी हे, आता तुम्ही माझी खुर्ची घेताय तर तुम्हालाही. आपण काचेच्या पेट्या बनवतो, कमी दिवसांच्या बाळांसाठी – ते तुम्हाला ठाऊक आहे. पेटीतली ऊब कमी झाली की भोंगा वाजतो, तो भाग या चिपमध्ये. तेव्हा माझ्या शेजारी मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने इंजिनियर. तीनदा विचारलं तरी चौथ्यांदा त्याच आवाजात समजावून सांगायचे, म्हणून मास्तर. चिप बदलली, मास्तरांनी ही फाईल तयार केली, पण पत्ते अर्धवट राहिले. चारशे बारा रेघा. दिवसभर डोळ्यांसमोर तेच. मग त्या दाखवणंच बंद केलं – मास्तरांनी. म्हणजे, अहवालात तसं आहे.

पुढे काय झालं, हॉस्पिटलवाल्यांची मागणी आली. नर्सने काही करायला पेटीचं दार उघडलं की मिनिटभरात भोंगा बोंबलतो, बाळं दचकतात, जरा उशिरा वाजू दे. साठ सेकंदांचे तीनशे केले. मी केले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सेकंद मोजायला प्रोग्रॅममध्ये जी जागा ठेवली होती ना, ती एवढीशी – त्यात दोनशे पंचावन्नच मावायचे, की पुन्हा शून्यापासून. म्हणजे तीनशे कधी होणारच नाहीत, भोंगा वाजणारच नाही. एडिटरने बरोबर त्याच ओळीखाली रेघ मारली असती, पण रेघा बंद होत्या. चाचणी? केली की. चाचणीत आम्ही दहा सेकंदांवर लावायचो, वेळ वाचायचा. वाजला छान.

आणि एका पेटीचा हीटर गेला. भोंगा गप्प. नर्स दुसऱ्या बाळाचं बघत होती, जाता जाता सहज आत हात घातला – पाय गार. तिने उचलून छातीशी धरलं, डॉक्टर येईपर्यंत तशीच उभी. वाचली. हो, वाचली, मुलगी होती. सव्वा किलोची. एवढं कसं लक्षात राहतं माणसाच्या, देव जाणे.

चौकशीत साहेबांनी विचारलं, रेघा कुणी बंद केल्या. मी पाणी पीत होते – पीतच राहिले. मास्तर म्हणाले, फाईल माझी आहे. बस्स. त्यात खोटं काही नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, त्यांना आधीच घरी पाठवलं, निरोपाचे दोन शब्दसुद्धा कुणी बोललं नाही. मी गेले होते एकदा घरी. वहिनींनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मास्तरच बाहेर आले, फाटकापर्यंत चालले माझ्याबरोबर. मला वाटलं आता विचारतील. विचारलं काय तर, पत्ते नीट घातलेस का गं? घालते म्हटलं. अकरा दिवस बसले मग. चारशे बाराच्या शून्य केल्या.

तुम्ही काय उघडलंत? फाईलचा इतिहास कशाला, त्याची गरज नाही आत्ता, आपण पत्ते घालत होतो – नको, इतकं मागे नका जाऊ, जुनं आहे ते सगळं, कुठल्या ओळीत कुणी काय बदललं ते –

हो. माझंच नाव आहे ते. तारीख दिसतेय, वाचून दाखवू नका.

मास्तरांना माहीत होतं. हा इतिहास कसा बघायचा ते त्यांनीच शिकवलं मला. डोकं दुखत होतं त्या दिवशी, दुसरं काही कारण नव्हतं. वाटलं, आठवडाभरात पुन्हा चालू करू.

साहेब पाचपर्यंत असतात केबिनमध्ये. जा म्हणणार नाही मी, नको पण म्हणणार नाही. पत्ते तुम्हाला जमतील आता. दार ओढून घ्या जाताना.