क्लच जड आहे

जुनी सेडान बघायला आलेल्या मास्तरीणबाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. पत्र्याच्या आडोशापलीकडे मालक आणि ड्रायव्हर बोलत होते.

"आज बाई येतील, तेव्हा तोंड बंद ठेव. कालच्या गिऱ्हाइकाला क्लच जड आहे म्हणालास."

"जडच आहे, साहेब."

"परवाच्याला एसी."

"चढावर दमतो."

"एवढी वाईट आहे, तर रोज सकाळी तासभर पुसत काय बसतोस?"

पलीकडे फडकं जोरात घासल्याचा आवाज आला.

"तुलाच हवीये ना?"

"स्वतःची टॅक्सी काढायचीय, साहेब. विचारायला जीभ रेटत नव्हती."

"मग तसं बोलायचं ना, शहाण्या. घे तूच. पण आता त्या बाईंना काय सांगू?"

बाई पर्स उचलून आडोशापाशी गेल्या.

"काही सांगू नका. मला जड क्लच झेपत नाही."