दुसऱ्या पानावरचं भोक

—नाही नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो. आमचे निवृत्त सर तिच्यातच झोपतात, त्यांना तिचा तोल बरोबर सापडलाय. तुम्ही इकडे बसा, मॅडम. लवकर आलात ते फार बरं झालं. मी फळा पुसता पुसता बोललो तर चालेल ना? इथे गणिताचा सेमिनार चालवायचा म्हणजे काय—फळा पुसायचा, चहा सांगायचा, आणि पाहुण्यांचं बोलून झालं की पहिला प्रश्न विचारायचा. दुसरं कोणी विचारतच नाही हो! सगळे माना डोलावतात. ज्याला कमी कळतं त्याची जरा जास्तच डोलते. माझी बायको म्हणते, तुमची मान आता घरीसुद्धा थांबत नाही, भाजी खारट झाली तरी डोलते. तर पहिला प्रश्न माझा, आणि तोही ठरलेला—"ठिपके अनंत असले तर काय होईल?" कुठल्याही व्याख्यानाला चालतो, ऐकावं लागत नाही. आज मात्र खरा प्रश्न आहे. म्हटलं चारचौघांत नको, आधीच कानावर घालावं. तुमच्या लेखात दुसऱ्या पानावर, सिद्धतेतच, भोक आहे.

अहो, घाबरू नका! पाणी घ्या. होतं असं, तरुणपणी घाई असते. आता बघा—ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, असं एखादं जाळं. जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. तुम्ही दुसऱ्या पानावर म्हणता, एक जाळं असं आहे की ज्याला तीन रंग पुरत नाहीत. आणि माझं प्रमेय म्हणतं, असल्या प्रत्येक जाळ्याला पुरतात. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? माझं प्रमेय तुम्हाला ठाऊक असेलच... नसेलही. तुमच्या संदर्भांत माझं नाव नव्हतं. छे, मला काही वाटलं नाही! यादीवरून बोट फिरवलं एकदा. मग परत एकदा, खालून वर. वाटलं हो, खोटं कशाला बोलू? माझ्या गाठीला दुसरं आहे काय? इतरांची डझनावारी असतात, माझं हे एवढंच. नोकरी त्याच्यावर लागली, लग्न त्याच्यावर जमलं—सासऱ्यांना वाटलं, प्रमेय आहे म्हणजे पगारही असेल. ते गेलं तर मी नुसता फळा पुसणारा उरतो. म्हणून तुमचं भोक सापडलं तेव्हा उड्या मारायचाच बाकी होतो. बायकोला म्हटलं, आपटली पोरगी! ती म्हणाली, कुणाची तरी लेक आहे ती, हसताय काय, आधी जाऊन सांगा. म्हणजे मनाचा मोठेपणा तिचा, माझा नव्हे.

काय? खडू हवाय? घ्या की. हो, जाळ्यातला एकेक ठिपका पुसत जायचं, आणि दर वेळी त्याच्या शेजाऱ्याचा आधार घ्यायचा—हीच माझी युक्ती! वाचलंय म्हणजे तुम्ही. तिथे मी लिहिलंय, "प्रत्येक ठिपक्याला शेजारी असतो हे उघड आहे." उघड आहे असं आपण कधी लिहितो, ठाऊक आहे ना? तपासायचा कंटाळा आला की. हं, हे तुमचं जाळं. हा ठिपका पुसला. मधलाही पुसला. आता हा कडेचा घ्यायचा, आणि त्याचा शेजारी—

थांबा हं.

शेजारी नाहीच की याला. मधला गेला... अरे देवा. म्हणजे भोक तुमचं नाही. इतकी वर्षं मी इथे उभा राहून मुलांना हेच शिकवलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? लेख लिहितानाच? मग लिहायचं ना स्पष्ट, अमक्याचं चुकलंय—

अच्छा. माझी शोभा नको म्हणून नाव गाळलंस होय. अगं, आठवडाभर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या मी, आणि तू मला सांभाळून घेत होतीस.

नको, पुसू नकोस. राहू दे ते चित्र तसंच. आणि ऐक, बोलताना माझं नाव घे. पूर्ण घे, आडनावासकट. त्याचं चुकलं, इथे चुकलं, असं सांग. माझं प्रमेय आहे, त्याला निदान रीतसर निरोप तरी मिळू दे. मागून कुणीतरी कीव करत सांगण्यापेक्षा तुझ्या तोंडून गेलेलं बरं... या, या मंडळी, पुढे बसा, पुढे! सर, सांभाळून. चहा नंतर मिळेल. सुरू करा, मॅडम—मी मागे बसतो.