भिंतीवरच्या तारखा

मेस्त्री, एक विचारू? भेग कुठल्या भिंतीला आहे ते मी अजून सांगितलंच नाही, आणि तुम्ही घमेलं उचलून सरळ स्वयंपाकघरामागच्या कोठीत आलात — ते कसं? नाही, नाही, उठू नका, मी भांडायला आले नाहीये. बसा. कॉफी ठेवलीय तिथे, गुळाची आहे, आधी ती घ्या. म्हणजे तीन वर्षांपूर्वी अण्णय्याने तुम्हालाच बोलावलं होतं तर. मला वाटलंच — या बाजूला गवंडी आहेत किती? असू द्या हो, तुमचा काय दोष. मालक म्हणाला लिंपा, तुम्ही लिंपलं. एवढंच सांगा, तेव्हा केवढी होती? करंगळी जायची? बघा, आता चार बोटं जातात.

माझा सख्खा मोठा भाऊ तो. फौजेतून सुभेदार होऊन आला आणि उतार कापून त्याने हे घर बांधलं — मशीन लावून दोन दिवसांत डोंगर कापला. आमचे वडील तेव्हा म्हणालेसुद्धा, ‘अरे बोपय्या, डोंगराला उभं राहायला पाय लागतो की नाही?’ सगळे हसले. मीही हसले. मग त्याचं म्हैसूरला मुलाकडे जायचं ठरलं, तर मला म्हणाला, ‘मुत्तव्वा, परक्याला कशाला देऊ, तूच घे.’ माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी लग्न होऊन लांब, मी भाड्याच्या दोन खोल्यांत. होतं नव्हतं ते सगळं घातलं या घरात. वाटलं, किती माया भावाची! आता कळतं — परका माणूस इंजिनियर घेऊन आला असता. बहीण कोणाला घेऊन येणार? बहीण पाया पडायला येते.

आणि तेच केलं मी. आमच्या घराण्यात तसंच आहे — खरेदीखताच्या सहीला जायच्या आधी मधल्या खोलीतल्या दिव्यापुढे तांदूळ टाकायचे, देणाऱ्याच्या पायांना तीनदा हात लावायचा, आणि त्याने डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, खूप वर्षं जग, या घरात सुखाने नांद. तो हात एकदा डोक्यावर आला की मग काही विचारायचं नसतं. कौलं गळतात का, विहिरीला पाणी किती — काही नाही. विचारलं तर आशीर्वाद परत केल्यासारखं होतं. अण्णय्याचा हात माझ्या केसांपर्यंत आला आणि थांबला, मेस्त्री. एवढा थांबला की वहिनी म्हणाली, ‘काय हो, शब्द विसरलात? परेडवर तर कधी विसरला नाहीत!’ पुन्हा सगळे हसले. मीही. पुत्तरीचा सण होऊन, नवं भात घरात येऊन आठ दिवस झाले होते, लख्ख ऊन, अंगणात कॉफी वाळत पडलेली. उन्हात कुठलं घर वाईट दिसतं, सांगा बरं? घर बघावं तर पावसात.

मग कक्कड महिन्याचा आषाढी पाऊस लागला आणि निजायच्या खोलीचं दार लागेना. म्हटलं, लाकूड फुगलं असेल. रंधा मारून घेतला, तर महिन्याने तेच दार आपोआप उघडायला लागलं — वारा नाही, काही नाही. मागच्या झऱ्याचं पाणी चहासारखं यायला लागलं. वर कॉफीच्या मळ्यात सिल्व्हर ओकची झाडं आहेत ना, ती सगळी एकाच बाजूला कललेली, घराकडे. आणि एक दिवस कोठीत तांदूळ काढायला आले तर तुमचा गिलावा पाटासारखा सुटून खाली पडलेला. आत भेग. आणि भेगेच्या कडेला पेन्सिलीने तारखा. फौजी माणूस तो! भेग जिथपर्यंत पोचली तिथे आडवी रेघ आणि पुढे तारीख, ठसठशीत अक्षरात. एक, दोन, तीन — नऊ रेघा. शेवटची तारीख आमच्या सहीच्या अकरा दिवस आधीची. मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसले. वहिनीला ठाऊक नसावं, असं मी आजही स्वतःला सांगते.

नाही, विचारलं नाही मी त्याला. म्हणजे विचारलं — फोनवर म्हटलं, ‘अण्णय्या, त्या मागच्या कोठीत...’ तर म्हणाला, ‘मुत्तव्वा, पाऊस कसा आहे तिकडे?’ इकडे पाऊस पडला की फोन येतोच त्याचा. पाऊस कसा आहे विचारतो. घर कसं आहे — कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी समोरच्या डोंगरावरची दोन घरं गेली. तुम्ही होता ना माती उपसायला? तुम्ही जे पाहिलंत ते मला सांगू नका. मी फक्त ऐकलं. गडगडाट होतो म्हणतात, पण त्याच्याआधी काय होतं माहितेय? सगळी कुत्री गप्प होतात. तेव्हापासून मी पुढच्या खोलीत झोपते, चपला घालून, उशाशी पिशवी. दुपारीसुद्धा कुत्रं भुंकायचं थांबलं की माझे हात गार पडतात. हे बघा, लावून बघा — आत्तासुद्धा गार आहेत.

काय बघताय इतकं वर? हो, तिथेही रेघा आहेत. अण्णय्याच्या रेघा कमरेच्या उंचीपर्यंतच आहेत. त्याच्या वरच्या... त्या माझ्या आहेत. सतरा. स्टुलावर चढून काढते.

हो, उद्या घराच्या सहीला बोजी येणार आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, आठ महिन्यांचं बाळ आहे तिला. किती खूश आहे! परवा या कोठीत उभी राहून म्हणाली, ‘मावशी, चुलीची ऊब येते इथे, पाळणा इथेच टांगते.’ मी तांदळाची पोती भिंतीला लावून ठेवली होती. तिचा नवरा शहाणा आहे, तो म्हणाला, एकदा इंजिनियरला दाखवू या. आणि मी — मीच हो — हसून म्हटलं, ‘का जावईबापू, मावशीवर विश्वास नाही वाटतं?’ बिचारा लाजला. अण्णय्याने तरी एवढं म्हटलं नव्हतं, मेस्त्री.

पण मी काय करू? सांगितलं तर हे घर कोण घेईल? मग मी आणि ही भिंत, पुढच्या कक्कडला, त्याच्या पुढच्या कक्कडला. मला इथून जायचंय हो. मला फार भीती वाटते. एवढंच — वाईट नाही मी, घाबरलेय. अण्णय्याही घाबरलाच असेल ना? तोही पेन्सिल घेऊन इथेच उभा राहिला असेल. उद्या दहाला बोजी दिव्यापुढे तांदूळ टाकेल, वाकेल, तीनदा. बाळ कडेवर असेल तिच्या. मग मी हात ठेवायचा, आणि म्हणायचं — काय म्हणायचं? खूप वर्षं जग?

थांबा. थापी खाली ठेवा. नको. नको, मेस्त्री, गिलाव्याचा तेवढा एक हातसुद्धा नको, पुसून टाका तो. तुमची दिवसाची मजुरी तिथे डब्याखाली आहे, घ्या. कालवलेलं सिमेंट घेऊन जा, तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावा. रागावले नाहीये मी. निघा तुम्ही, पाऊस आला बघा — आणि तो फोनही वाजतोय, अण्णय्याचा असेल. वाजू दे. जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोजी आली, तेव्हा तांदळाची पोती मी बाजूला ओढून ठेवली होती, आणि ती पाया पडायच्या आधी मी तिला कोठीत नेलं.