मोशीच्या शाळेतलं कुलूप

राव, पोराला कुठं चिकटवू म्हणून तुम्ही माझा सल्ला विचारताय, तर आधी हे ऐका.

पंचावन्न-छप्पन साल असेल. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते आणि मी शिक्षण खात्यात नवा होतो. सातवीच्या मुलांपैकी कारखान्याजोगी कोण, हे पारखायला मला मोशीच्या शाळेत धाडलं. सोबत एक कुलूप आणि छापील तक्ता. कुलूप सुटं करायचं आणि दहा मिनिटांत पुन्हा जोडायचं, एवढीच परीक्षा.

पण एकही पोर पुढं येईना. सरकारी कुलूप मोडलं तर काय घ्या! मी म्हटलं, "अरे, सोपं आहे. मी दाखवतो."

ऐटीत कोट काढला, कुलूप सुटं केलं. इथवर उत्तम. जोडताना स्प्रिंग जी उडाली, ती थेट पाण्याच्या घागरीत. ती काढून पुन्हा बसलो. अर्धा तास गेला.

शेवटी शाळेत पाणी भरणाऱ्या पार्वतीबाई म्हणाल्या, "सरका वाईच, सायेब." त्यांनी कुलूप जोडलं आणि किल्ली फिरवून दाखवली.

"कुठं शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? तुमी खोलताना मी बगत न्हवते व्हय?"

हेडमास्तर तक्ता भरायला बसले. परीक्षा मी आणि पार्वतीबाई, अशा दोघांनीच दिली होती. पार्वतीबाईंच्या नावापुढं त्यांनी 'कारखान्यास योग्य' लिहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, तुमच्या नावापुढं?"

मी कोट चढवत म्हटलं, "लिहा, मुलांना मार्गदर्शन करण्यास योग्य."