मामाचं इंपोर्टेड गवत

अरे, आमच्या मामाचं ऐका. जालन्यात बंगल्यापुढं त्यानं प्लास्टिकचं गवत आंथरल्तं. ते फाटलं म्हणून काढलं, पण नवं काही येईना. तवर तिथं हरळी माजली. अन् नेमके तवाच मामाच्या पोरीला बघायला टेंभुर्णीचे पाव्हणे आले.

मामा घाबरला. "शेतकरी माणसं हायेत रे, दारात तण बघून काय म्हणतील?"

म्या म्हणलं, "मामा, प्लास्टिकच हाय म्हणून सांगा बिनधास्त."

मामानं बराबर तसंच सांगितलं. "इंपोर्टेड हाय. पाणी बिलकुल लागत न्हाई."

पोराच्या बापाचे हात शिवशिवले. खाली वाकून त्यानं मूठभर उपटलंच. "पाव्हणं, तुमच्या प्लास्टिकला मुळ्या फुटून राह्यल्या की!"

मामा म्हणे, "म्हणूनच तर खर्चा जास्ती आला."

पाव्हणा हसत हसत हरळीतच बसला. "आणा च्या, सोयरिक पक्की!"