वजा केलेली भीती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शहापूरच्या अभ्यासिकेचे विश्वस्त माननीय मारुतीराव, तब्येत बरी नसतानाही खासबागेतून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्रमोदिनीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मार्तंड सर, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्रमैत्रिणी, आणि शेवटच्या रांगेत बसलेले माझे आप्पा, आपणा सर्वांना वडगावच्या रक्षाचा नमस्कार.

बोलायला उभी राहिले खरी, पण हातपाय गार पडलेत. माईकला घाबरते असं कुणी समजू नये. प्रशासकीय सेवेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल आज-उद्या लागणार, अशी कुणकुण आहे. मघाशी अध्यक्षांचा फोन थरथरला तेव्हा अर्धं सभागृह दचकलं. फोन निघाला वहिनींचा, येताना कोथिंबीर आणा म्हणून. हसलात, बरं वाटलं. 

सर आता लेकीकडे निपाणीला राहायला चाललेत. त्यांच्या शिकवण्याबद्दल माझ्याआधीचे वक्ते बोललेच आहेत. मी त्यांच्या आकड्याबद्दल बोलणार आहे. परीक्षा होऊन उत्तरतालिका आली की सर आम्हाला याच हॉलमध्ये बसवायचे. ‘डोळे मिटा, हात वर करा. मी आकडे म्हणत जाईन. आकडा तुमच्या गुणांच्या पुढे गेला की हात खाली घ्या.’ डोळे उघडे फक्त सरांचे. असं का? तर एखादीचे गुण कमी आहेत हे कळलं, की संध्याकाळपर्यंत वडगावातल्या प्रत्येक यंत्रमागावर तोच विषय. वर राहिलेले हात बघून, मागच्या वर्षांशी ताडून, सर फळ्यावर अंदाजे कट-ऑफ लिहायचे. निकालाची वाट बघत बसलं तर मेन्सच्या अभ्यासाला वेळ उरत नाही. म्हणून त्या आकड्यावर मुलं ठरवायची, पुस्तकं उघडी ठेवायची की बांधून ठेवायची.

आमच्याकडे मुलंच काय, घरंही त्याच आकड्यावर ठरवायची. आमचे आप्पा, सिद्राम, यंत्रमाग चालवतात. परीक्षेच्या आधीच त्यांनी मला सांगितलं होतं, ‘सरांच्या आकड्याच्या वर असलीस तर शीक. न्हाईतर बेळगुंदीच्या पाव्हण्यांना मी लग्नाला व्हय म्हणून सांगतो. त्यांनी तरी किती दिस थांबायचं?’ मी मान डोलावली. ही माझी तिसरी खेप होती, दुसरं काय करणार?

यंदा माझे गुण झाले दोनशे तीन. डोळे मिटून बसले होते. सर म्हणाले, ‘दोनशे.’ माझा हात वर. सर म्हणाले, ‘दोनशे दहा.’ मी हात खाली घेतला आणि कान देऊन ऐकत राहिले. हात खाली येताना बांगड्या वाजतात, बाह्या घासतात. तो आवाज आलाच नाही. खाली आला तो माझा एकटीचाच हात, असं वाटलं. डोळे उघडले तर सर फळा पुसत होते. त्यांनी काहीच लिहिलं नाही. ‘उद्या बघू’ म्हणाले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच सरांकडे जाऊन आले. आले ते हसतच. ‘दोनशे म्हणालं सर. तू वर हाईस गं. थांबा म्हणून बेळगुंदीला कळवतो.’ आईनं मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता हात जोडले. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला मात्र त्या दिवसापासून झोप नीट लागलेली नाही. हॉलमधले हात खरे, की सर खरे? मेन्सचं प्रत्येक पान मी हाच प्रश्न उशाशी घेऊन वाचलंय.

आज सकाळी इथं तोरण बांधताना मी सरांना विचारलंच, ‘सर, दोनशे खरं का?’

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, ‘हात कधीच पुरते खरे नसतात, रक्षा. डोळे मिटूनसुद्धा माणूस शेजाऱ्याला भितो. त्यात ही माझी शेवटची बॅच. मला बरं वाटावं म्हणूनही काहींनी हात वरच ठेवले असतील. दर वर्षी मी त्यातनं ती भीती वजा करतो.’

‘मग यंदा किती वजा केली?’

‘तुझा हात कुठं खाली आला ते मी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझे आप्पा आकडा विचारायला दारात उभे होते. जरा जास्तच वजा केली.’ मग म्हणाले, ‘सिद्रामना सांगायचं धाडस मला होत नाही. तू सांग.’

सर, मान खाली घालू नका. मी आत्ता सांगितलं.

आप्पा, तो आकडा पक्का नव्हता. खरा कट-ऑफ माझ्या दोनशे तीनच्या खाली लागेल की वर, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते, निकालाची, आणि हे बोलल्यावर तुमची. पण निकालात माझं नाव नसलं तरी मला परीक्षेला अजून एकदा बसायचंय. घरी हे म्हणायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून माईकवर म्हणतेय.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, पाहुण्यांनी माझी बडबड ऐकून घेतली, सर्वांची मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी घरचं गाऱ्हाणं मांडलं, कुणाला लागेल असं बोलले असेन, तर आपलीच पोर समजून पोटात घाला.

जाता जाता एकच विनंती. सगळ्यांनी डोळे मिटा. अध्यक्ष महाराज, आपणही. सर, तुमचे तेवढे उघडे. निकालात नाव नसलं तरी रक्षाला अजून एकदा बसू द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.

मीही डोळे मिटलेत. बांगड्या वाजल्या, ऐकू आल्या. शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली, तीही ऐकू आली. आप्पा, तुम्ही हात वर करायला उठलात की बाहेर निघालात, मला दिसत नाही, आणि डोळे उघडायचा धीर होत नाही.

सर, मोजा. यंदा काही वजा करू नका. आणि आधी शेवटच्या रांगेचं सांगा.